माया लोकांच्या कपड्यात माया नसते

मराठीत 'माया' या शब्दाला भारी राबवून घेतलेलं आहे. वेदान्त्याकडे तो भ्रम, आजीकडे प्रेम, पुढाऱ्याकडे पैसा आणि शिंप्याकडे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. ग्वाटेमालाला निघालेला मराठी पर्यटक यातला नेमका पहिला अर्थ सोबत नेतो. माया संस्कृती म्हणजे होती आणि नव्हती झाली! सकाळी तो तिकालच्या देवळांसमोर उभा राहून लोप पावलेल्या लोकांबद्दल उसासा टाकतो आणि पुढे चिचिकास्तेनांगोच्या बाजारात त्याच लोकांकडे चाळीस टक्के सूट मागतो. नामशेष माणसांशी घासाघीस करणं तर्कात बसत नाही. २०१८च्या जनगणनेत या देशातल्या दर दहा माणसांत चार माया निघाली आणि इथे बावीस माया भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी किचे भाषेत बाजारातली बाई शेजारणीला काय सांगत असेल, ते पर्यटकाला कळत नाही, हे एक बरं.

भाव ज्यावर तुटतो ते वीपील म्हणजे बायकांचं ढगळ पोलकं. त्याचा माग तसा काठ्यांचा जुडगाच. एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने कमरेमागे. बाई मागे रेलली की ताणा ताठ, पुढे वाकली की सैल. म्हणजे यंत्राचा निम्मा भाग तिची पाठच. साहजिकच हात पोहोचतील तेवढाच पन्हा. असे दोन-तीन पट्टे जोडले की वीपील होतं. नक्षीसुद्धा विणतानाच, जादा धागे बोटांनी भरत चढवलेली. चारी बाजूंचे काठ मागावरच बंद होतात, म्हणून गळा सोडला तर कात्री लागत नाही आणि शिवणीत माया ठेवायचा प्रश्नच येत नाही. भरगच्च वीपीलला महिने लागतात. एवढं कळल्यावरही 'जास्त सांगताय' म्हणायचं, तर जास्त कशाच्या मानाने, हेही सांगायला हवं. विमानतळावरच्या कॉफीच्या मानाने तर नक्कीच नाही. तिथे आपण निमूट पैसे मोजतो.

यावर कोणी म्हणेल, घासाघीस ही तिथलीच रीत आहे. खरंच आहे, आणि बाईही आकडा जरा चढवूनच सांगते. पण रीतीला तळ असतो. पैठणीच्या दुकानात आपण तो बरोबर ओळखतो. परदेशात मात्र 'हातमाग' हा शब्द 'स्वस्त' असा ऐकू येतो. दुसरा आक्षेप वजनदार: शेजारच्या पथारीवर तसंच वीपील कितीतरी कमी किमतीत मिळतं. मिळतं, कारण ते छापील असतं. उलटून पाहा, मागून फिकट निघेल. परवडत असेल तेच घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याचा भाव विणलेल्याच्या गळ्यात बांधू नका. नक्षीची ही उचलेगिरी इतकी वाढली, की २०१६ साली माया विणकर बायका नक्ष्यांवरचा सामूहिक हक्क मागायला थेट देशाच्या घटना न्यायालयात गेल्या. नामशेष लोक सहसा इतके कोर्टात जात नाहीत.

बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. जाताना केत्साल, म्हणजे तिथलं चलन, जरा जास्तच न्या.