धुळीचा ताळेबंद

मालवाहू वाहनाचा मार्ग ठरवताना अंतर आणि डिझेल यांखेरीज अपघात, धूर व धूळ यांचीही किंमत धरावी, या पद्धतीस हरित मार्गनियोजन म्हणतात; गोव्यातील डिचोलीच्या खनिज वाहतुकीने तिच्यातील एक जुनी अडचण कायमची दूर केली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. खाणीपासून सारमानसच्या धक्क्यापर्यंत, म्हणजे जेथे टिपरमधील खनिज बार्जमध्ये पडून मांडवीवाटे मुरगावकडे निघते तेथपर्यंत, धुळीची किंमत गावकरीच परस्पर भरतात, त्यामुळे वाहतूकदाराच्या खात्यात ती शून्य दिसते आणि सर्वांत जवळचा मार्ग आपोआप सर्वांत हरित ठरतो. (२०१२ आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणकाम थांबले, तेव्हा दोरीवरचे कपडे पांढरे राहिले, हा लाभ अर्थात कोणत्याही ताळेबंदात बसला नाही.) याच तर्काने हौद्यावर दर फेरीला ताडपत्री बांधण्याचा खटाटोप टाळून ती एकदाच गावावर ताणून बांधावी आणि शाळेची घंटा टिपरच्या फेऱ्यांवर लावावी, म्हणजे सुरक्षिततेचाही प्रश्न निकालात निघेल. हीच वाहने पणजीच्या अठरा जून मार्गावरून नेऊन पाहण्याची सूचना मात्र शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य आहे, कारण तेथे धुळीची किंमत पहिल्याच फेरीत मोजून मिळते.