पुढं काय?

कोल्हापुरात पोराच्या हातात पदवी पडली की दिशा दाखवायला अख्खी पेठ धावते. मामा म्हणतो, एमपीएससी कर. शेजारचे आण्णा म्हणतात, दोन म्हशी घे, गोकुळला दूध घाल. तालमीतले दोस्त म्हणतात, आधी मिसळ खाऊ, मग बघू. (त्यातल्या त्यात व्यवहारी हेच.)

शाहू महाराजांना मार्गदर्शनाचं हे तंत्र ठाऊक नसावं. खेड्यातल्या पोरांना शहरात राहायची सोय नाही म्हणून त्यांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. ‘सकारात्मक राहा’ सांगून भागलं असतं की!

आता करिअर शिबिरात त्यांच्याच फोटोला हार घालून वक्ते पोरांना बजावतात, ‘नोकरीच्या मागं लागू नका.’