तीन वर्साचं मंत्रीपद

“काकू, आयकलं का? आपल्या इकडच्याले मंत्रीपद भेटते म्हन्तात. राजापेठ चौकात बॅनरबी लागले!”

“लागू दे वं बाई. बॅनर बांधाले काय लागते? दोन पोट्टे आन् सुतळी. मंत्री कसा राह्यते, ते पापळच्या भाऊसायबाचं पाहा.”

“पंजाबराव देशमुख? ते तं दिल्लीत होते ना, शेतीचे मंत्री?”

“ते 1952 नंतर. त्याच्या आंधी 1930 ले नागपुरात मंत्री झाले, मध्यप्रांत-वऱ्हाडचे. शिक्षनाचं खातं. वय तिशीतलं.”

“घरी लय पैसा असन.”

“कायचा पैसा! बापानं वावर गहान टाकून पोराले विलायतेले धाडलं म्हन्तात. बॅरिस्टर झाला, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली. वापस येऊन 1927 ले जातीबाहेर लगन, सोनाराच्या विमलाबाईसंग. त्याच वक्ताले अंबादेवीचं देऊळ अस्पृश्याईले खुलं करा म्हून सत्याग्रहात पुढं.”

“बाप्पा! लोकाईनं नावं ठेवली असतीन.”

“ठेवली ना. आपल्या गल्लीत अजून ठेवतात, तसल्या लग्नाले.”

“पन मंत्री होऊन केलं काय?”

“कर्ज लवादाचा कायदा, 1933 चा. तवा कापसाचा भाव बसला होता, सावकार वावरं गिळत होते. मंग लवाद मंडळं आली. सावकार आन् कास्तकार समोरासमोर बसवाचे, तोडजोड कराची, हप्ते बांधून द्याचे. बापाचं वावर गहान पडलं त्यालेच त्याची कळ ठाऊक राह्यते वं. आन् शिवाजी शिक्षन संस्था काढली तेबी खुर्चीवर असतानाच. तुही पोट्टी शिवाजी सायन्सले जाते ना? तुहा सासरा पीडीएमसीच्या दवाखान्यात भरती होता ना? दोन्ही त्याच संस्थेचे.”

“हाव वं! आन् मंग?”

“1933 ले ते मंत्रीपद सुटलं. पुढं दिल्लीत नेहरूच्या सरकारात शेतीचं खातं, 1962 परेंत. 1955 ले भारत कृषक समाज काढला. 1965 ले गेले. चार वर्सानं अकोल्याले कृषी विद्यापीठ झालं, त्याले त्याइचंच नाव.”

“म्हंजे नागपूरचं मंत्रीपद तीनच वर्साचं?”

“तीनच. आपल्यावाल्याले पाच भेटतीन. बॅनरवाले पोट्टे पेढे घेऊन आले तं एवढंच इचार, शाळा किती काढल्या आन् वावरं किती सोडवली? सांगता आलं तं पेढा खाय. नाई तं डब्बा तसाच वापस कर.”