आयत्या वेळचा विषय

मराठी ललित वाङ्मयाच्या इतिहासकारांनी एका प्रकाराकडे साफ दुर्लक्ष केलं आहे. तो म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं इतिवृत्त. अशी भरारी भल्याभल्या कादंबरीकारांना जमत नाही. त्यात वाद नसतो, विरोध नसतो, कुणी जांभईसुद्धा देत नाही. एक सूचक, एक अनुमोदक आणि ठराव सर्वानुमते मंजूर. पुष्कळदा तो सभेच्या आधीच मंजूर झालेला असतो, कारण रजिस्टर आदल्या दिवशी लिहून ठेवलं की दुसऱ्या दिवशी फक्त सह्या उरतात.

कायदा मात्र भाबडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते तपासायचं, ही कामं त्यांची. महाराष्ट्राने त्यावर कडी करून दोन विद्यार्थीही घेतले, त्यांत एक तरी मुलगी. एवढी लोकशाही अथेन्सलाही पेलली नसती. तिथे बायकापोरांना सभेत कुणी उभंसुद्धा केलं नव्हतं.

आपल्याकडे उभं करतात. फोटोसाठी.

सभा साधारण अशी होते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा, स्टुलावर चहाची किटली. पालक सदस्यांपैकी निम्मे कामावर गेलेले. त्यांच्या सह्या शिपाईमामा संध्याकाळी घरी जाऊन आणतील. रोज बुडवून आलेली एक बाई कोपऱ्यात डोक्यावरचा पदर सावरत बसलेली असते. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त कायम करणे. झालं. विषय क्रमांक दोन, वरून आलेल्या परिपत्रकाचे वाचन करणे. झालं. मग बाई तोंड उघडते.

"गुर्जी, पोरींच्या मुतारीला दार कवा बसवायचं? माझी पोर दुपारचं पानीच पीत न्हाई."

"ताई, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

"मग कवा असतो?"

"अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत घेऊ."

आयती वेळ येते तेव्हा चहा झालेला असतो आणि अध्यक्ष मोटरसायकलला किक मारत असतात. रजिस्टरात नोंद होते : 'स्वच्छतागृहाबाबत सकारात्मक चर्चा झाली.' विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बोलावलेल्या सातवीच्या दोघांना बिस्किटं मिळतात. 'विद्यार्थी प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले' हे वाक्य बहुधा त्या बिस्किटांबद्दल असावं.

मुख्याध्यापकांना हसून उपयोग नाही. त्यांना दुपारी दोनपर्यंत सभेचा फोटो अपलोड करायचा असतो, तांदळाचा हिशोब भरायचा असतो, आणि परिपत्रक काढताना त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. ते तरी दार कुठून आणणार?

आता गणवेशाचंच बघा. जुनी पद्धत फारच मागासलेली होती. समग्र शिक्षा अभियानातून पात्र मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडे यायचे. समिती गावातला नाहीतर बाजारच्या गावचा शिंपी गाठायची. तो पोराला समोर उभं करून खांद्याला टेप लावायचा, आई मागून सांगायची, "जरा वाढीव घ्या, दिवाळीपर्यंत आखूड होतंय," आणि पोरगं खिसे किती हवेत यावर हुज्जत घालायचं. थोडक्यात, कपडे घालणारा, कपडे धुणारी आणि कपडे शिवणारा असे तिघे एका जागी उभे राहून निर्णय घ्यायचे. हा गोंधळ सरकारच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

म्हणून 'एक राज्य, एक गणवेश' आलं. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात कापड राज्याने एकगठ्ठा घेतलं, शिलाई महिला बचत गटांकडे दिली. पोरगं एकीकडे, कापड दुसरीकडे, शिवणारी बाई तिसरीकडे, आणि माप बहुधा मंत्रालयात. जूनमध्ये शाळा उघडल्या. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचला नव्हता. पोचला तिथे कुणाच्या बाह्या बोटांच्या पुढे, कुणाची कंबर पोतडीसारखी. आईचा 'वाढीव घ्या' हा सल्ला शासनाने एवढा मनावर घेतला असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

समितीला अगदीच वगळलं होतं असंही नाही. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडच्या धर्तीचा होता. त्याचं कापड सरकारचं, रंग सरकारचा, फक्त शिलाई समितीने करून घ्यायची. दर ठरलेला : शिलाईचे शंभर रुपये, वर दहा रुपये किरकोळ खर्चाला. ठरवण्यासारखं काही उरलं नाही की लोकसहभागाची आठवण येते. तालुक्याच्या शिंप्याने हा आकडा ऐकून मशिनवरचा पायसुद्धा थांबवला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. जो आधी त्यांच्याकडेच होता, तोच. त्यासाठी एक वर्ष आणि अख्ख्या राज्यातली पोरं मापाला घेतली.

बरं, सगळेच निर्णय पोरांच्या गैरसोयीचे असतात असं नाही. २०२३ च्या अखेरीस तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही याकडे लक्ष वेधलं आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला. मग संस्थाचालक बोलले, बसवाले बोलले, दोन पाळ्यांत वर्ग भरवणारे बोलले. ज्यांची झोप, ते पेंगत होते. त्यांना विचारलं असतं तर हा बहुधा राज्याच्या इतिहासातला एकमेव खरोखर सर्वानुमते मंजूर झालेला ठराव ठरला असता. तीही संधी घालवली.

पहिलीपासून हिंदीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय, जूनमध्ये सुधारित निर्णय, जून संपायच्या आत दोन्ही रद्द आणि मग डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासाला समिती. आधी बारसं, मग पोरगी बघायला जायचं, असा हा क्रम.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम म्हणतं की आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे आणि त्याचं वय, समज बघून त्या मताला वजन द्यावं. वजन देण्याची ही जबाबदारी आपण दप्तरावर सोपवली.

इथवर वाचून जे पालक खुशीत मान डोलावत आहेत त्यांनी जरा थांबावं. सरकार निदान परिपत्रक तरी काढतं. आपल्या घरात काय होतं? पोराला विचारतात. खोलीला रंग कुठला द्यायचा, वाढदिवसाला पिझ्झा की पावभाजी, गाडी पांढरी घ्यायची की राखाडी. मोकळं वातावरण आहे हो आमच्याकडे! मग दहावीचा निकाल लागतो. आई, बाबा, नागपूरचे काका आणि बाबांच्या ऑफिसातले एक जाणकार गृहस्थ यांची बैठक होते. पोरगी पाण्याचे ग्लास आणून ठेवते. दोन तासांनी तिला आत बोलावून अतिशय प्रेमाने विचारतात, "बाळा, तुझा निर्णय तूच घ्यायचाय. आम्ही काही लादणार नाही. लातूर की कोटा?"

तिला चित्रकला आवडते हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्याच चित्राची चौकट बैठकीच्या भिंतीवर असते आणि काकांनी मघाशी तिचं कौतुकही केलेलं असतं. तो विषय विषयपत्रिकेवर नसतो, एवढंच. पोरगी 'लातूर' म्हणते, कारण तिथून एसटीने लवकर घरी येता येतं. पुढे दोन वर्षांत ती रडली तर सुनावायची सोय झालेली असते, "तूच म्हणाली होतीस ना?"

यापेक्षा शाळेच्या रजिस्टरातली खोटी सही प्रामाणिक म्हणायची. तिथे निदान नंतर जाब विचारायला कुणी येत नाही.

सह्यांच्या या राज्यात एका पद्धतीचा मात्र गुण आलेला दिसतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं याची चर्चा २०२२ मध्ये सुरू झाली. अशा शाळा राज्यात जवळपास पंधरा हजार निघाल्या. पुढच्या वर्षी त्या एकत्र करण्यासाठी 'समूह शाळा' हा गोंडस शब्द आला. तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले देण्यात आले. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण हे अंतर नकाशावर मोजतात. मध्ये ओढा किती भरतो, उसात बिबट्या कुठे बसतो, हे त्या वाटेने चालणाऱ्या आठ वर्षांच्या पोरालाच विचारावं लागतं, आणि पोराचं म्हणणं कुठल्या रकान्यात भरायचं ते कुणालाच माहीत नाही.

नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या पोरांनी रकान्याची वाट बघितली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गावची शाळा बंद झाली म्हणून ती नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाली, आणि जाताना बकऱ्या बरोबर घेतल्या. मागणी सरळ होती : शाळा देत नसाल तर ही दप्तरं परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, वळायला नेतो. शाळा पुन्हा सुरू करायचं प्रशासनाने मान्य केलं.

निवेदनाला पोच देता येते. शिष्टमंडळाला चहा पाजता येतो. पालकांना 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं सांगता येतं, मुलांच्या हातात बिस्किट ठेवता येतं. बकरीशी यातलं काहीच करता येत नाही. तिला सही येत नाही, तिला आयत्या वेळच्या विषयांपर्यंत थांबवून ठेवता येत नाही आणि आवक-जावकच्या टेबलावर मोकळी सोडली तर ती प्रलंबित प्रकरणांचा निपटारा ज्या वेगाने करेल तो कुठल्याही झिरो पेंडन्सी मोहिमेला जमलेला नाही. तेव्हा समितीची पुनर्रचना होईल तेव्हा तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दोन विद्यार्थी यांच्या जोडीला एक बकरी स्वीकृत सदस्य म्हणून घ्यावी, अशी या सदराची सूचना आहे. अनुमोदक पाहिजे.