भावोजी आणि सर्व्हर

आमच्या भावोजींनी एखादं संकेतस्थळ नुसतं उघडून वाचलंय, असं कधी घडलेलं नाही. पान येण्याआधीच बोट एफ१२ वर जातं, नेटवर्कचा टॅब उघडतो, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो. "बघू, काय पाठवलंय लेकाच्यांनी!" आहेराच्या पाकिटातल्या नोटेआधी वरचं नाव वाचणारी माणसं असतात ना, तशी यांची नजर आधी हेडरवर.

"सर्व्हर काहीही पाठवेल हो. घ्यायचं काय, ते आपण ठरवायचं." (ताईच्या स्वयंपाकाला हे लागू नाही.)

विजेचं बिल बघायला जावं तर पीडीएफ उघडायच्या ऐवजी डाउनलोड व्हायची. आपण चरफडतो नि गप्प बसतो. भावोजींनी फायरफॉक्ससाठी स्वतःच एक्स्टेन्शन लिहिलं, 'कंटेंट-डिस्पोझिशन' हे हेडर वाटेतच गाठलं आणि त्यातल्या 'अटॅचमेंट'चं 'इनलाइन' करून टाकलं. बिल मुकाट उघडलं. आकडा तोच होता, पण भावोजींनी तो हसत भरला.

२०१७च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स एकजात बंद पडली. भावोजींनी सुतक पाळलं, मग सगळं नव्याने लिहिलं. क्रोमचं मात्र नाव काढायचं नाही. तिथे आता नियम आधी लिहून द्यायचे, आलेलं उत्तर आयत्या वेळी अडवायची सोय नाही. "म्हणजे अर्ज करा आणि घरी बसा!"

कळस झाला तो बाबांच्या संगणकावर. बातम्यांमधला 'धक्कादायक' हा शब्द वाटेतच पकडून त्याजागी 'नेहमीचा' घालायचा, असं ठरलं. पण मजकूर येतो तुकड्यातुकड्यांनी, आणि यूटीएफ-८ मध्ये साधा 'क'सुद्धा ३ बाइटचा. नेमका तुकड्याच्या सीमेवर तो फुटला की तिथे काळ्या चौकटी प्रश्नचिन्हासकट! दोन रात्री खपून भावोजींनी फुटलेली अक्षरं जुळवली. "हल्ली बातम्या बऱ्या असतात," बाबा म्हणाले.

एक गोम राहिलीच. सही नसलेलं एक्स्टेन्शन साध्या फायरफॉक्समध्ये तात्पुरतंच बसतं; ब्राउझर बंद केला की गेलं. मोझिलाकडून सही आणायची तर, "माझ्या घरात मला परवानगी कसली?" बाबा रोज रात्री संगणक शिस्तीत बंद करतात आणि सकाळी ताईला फोन लावतात, "जावईबापूंना पाठव गं, बातम्या बिघडल्यात." भावोजी स्कूटर काढतात. येईपर्यंत त्यांच्या वाटणीचे पोहे झाकून ठेवलेले असतात.