जोर कुठे लावायचा?

इटालियन क्रियापद मराठी माणसाला आधी फार भोळं वाटतं. लिहिलं तसं वाचायचं, जोडव्यंजनं दाबून म्हणायची. 'पक्का', 'पत्ता' म्हणत वाढलेल्या जिभेला त्यात अवघड ते काय? 'प्रेम करणे' हेच क्रियापद घ्या. मी: आ-मो. तो किंवा ती: आ-मा. जोर पहिल्या 'आ'वर. आम्ही: आ-म्या-मो. आता जोर उठून 'म्या'वर बसतो. तुम्ही: आ-मा-ते. इथे तो 'मा'वर. सरकायची सवय लागली म्हणावं, तर 'ते लोक' येतात, आ-मा-नो, आणि जोर पुन्हा पहिल्या 'आ'वर! आम्हा-तुम्हांसाठी उठणारा हा गृहस्थ 'त्यां'च्यासाठी जागचा हलत नाही.

दोष त्याचा नाही, घराण्याचा आहे. लॅटिनमध्ये 'आम्ही', 'तुम्ही'च्या रूपांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं, म्हणून जोर त्यावर. 'ते'चं रूप मात्र 'आ-मान्त', दोनच अक्षरांचं, म्हणून जोर पहिल्यावर. शेवटचा 'ओ' इटालियनने मागाहून चिकटवला. जुन्या भाडेकरूने त्याची दखल घेतली नाही. त्यामुळे 'ते फोन करतात' म्हणताना ते-ले-फो-ना-नो असं होतं. 'ले'वर जोर लावायचा आणि पुढची तीन अक्षरं एका दमात उतरून जायची. असल्या शब्दांना इटालियन व्याकरणात 'दुहेरी घसरडे' म्हणतात, ते काही उगाच नाही.

बरं, छापताना जोराची खूण करतील तर शपथ! ती फक्त शेवटच्या अक्षरावर. मधलं ज्याने त्याने जाणावं. आपण नाही का 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' न सांगता वेगळे म्हणत? 'का-पि-ता-नो' हीच अक्षरं घ्या. 'का'वर जोर दिला तर 'घडतात', 'ता'वर दिला तर 'कप्तान', आणि शेवटी दिला तर 'त्याने नेतृत्व केलं'. तेवढ्या शेवटच्या 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ.

ती रेघ सर्वांत महागात पडते ती आपल्या पहिल्या क्रियापदात. 'आ'वर जोर, की 'मी प्रेम करतो'. तोच जोर शेवटच्या 'ओ'वर गेला, की 'त्याने प्रेम केलं', तेही कधीकाळी. तेव्हा इटलीत कुणाला मनातलं सांगायचं असेल, तर जो काही जोर लावायचा तो सुरुवातीलाच लावावा. शेवटी लावला, तर प्रेम दुसऱ्याचं होतं, आणि तेही केव्हाच आटोपलेलं.