पिसंवाले

हा माणूस नगरला सावेडीत राहतो, एमआयडीसीत नोकरी करतो. पत्त्यात आता अहिल्यानगर लिहितो, बोलताना नगरच म्हणतो. एका हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर हॅमॉकमध्ये पाठ गारठली आणि तेव्हापासून तो शिवणकामाला लागला.

पाठ का गारठली, हे तो कुणालाही समजावून सांगतो, भाजीवाल्यालासुद्धा. पिसं म्हणजे फुगवटा, फुगवटा म्हणजे ऊब. अंगाखाली पिसं दबली की संपलं. म्हणून हॅमॉकची रजई आत अंथरायची नसते, बाहेरून खाली टांगायची असते. भाजीवाला विचारतो, ‘मेथी देऊ का?’

तयार रजईची किंमत बघून तो ‘घरी शिवू’ म्हणाला. आता परदेशी कापड, बदकाची पिसं आणि कस्टम ड्यूटी धरून खर्च तयार रजईच्या पुढे गेलाय. पण तो आकडा फक्त त्याच्या एक्सेल शीटमध्ये आहे आणि शीटला पासवर्ड आहे. पिसं ‘८०० फिल’ची. म्हणजे २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली तर १३ लिटर जागा व्यापतात. हे त्याला पाठ होतं, पण पटलं ते पिशवी फाडल्यावर. तेव्हापासून पिसं भरायचं काम बाथरूममध्ये चालतं. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, मांडीवर स्वयंपाकघरातला वजनकाटा. दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या लावून कप्पे करायचे, प्रत्येक कप्प्यात मोजून पिसं घालायची. टाचण्या चालत नाहीत, भोकातून पिसं बाहेर येतात. घरातल्या टॉवेलांना, आमटीला आणि सासऱ्यांच्या मिशीला महिनाभर पिसं लागलेली असतात.

रजई झाली की दाबून ठेवायची नाही, फुगवटा मरतो. म्हणून कपाटात साड्यांचा कप्पा तिला मिळतो आणि साड्या पलंगाखाली जातात. पावसाळ्यात ती बाहेर निघत नाही, कारण भिजलेल्या पिसांचा गोळा होतो आणि अकोले तालुक्यातल्या घाटघरला तर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. खरं तर हे वर्षातले चार महिने तो सर्वात सुखी असतो. पुढच्या रजईचं डिझाइन करतो.

मग थंडी पडते आणि तो निघतो. पिसंवाल्यांची खरी अडचण इथे कळते: त्यांना जायचं असतं उंचावर आणि टांगायला लागतात दोन झाडं. कळसूबाई १६४६ मीटर, माथ्यावर देवीचं देऊळ आहे, झाड नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नुसता कातळ. दोरीचा तीस अंशांचा कोन मोबाइलमध्ये तयार आहे, दोरी कशाला बांधायची एवढंच ठरायचंय. अखेर गडाच्या पायथ्याच्या पाचनईत, ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांच्या पडवीतल्या दोन खांबांना तो हॅमॉक बांधतो.

घरातल्या आजी जुन्या लुगड्यांची गोधडी आणून देतात. तो नम्रपणे नाही म्हणतो. तीन किलो तरी असेल. रात्री त्याला थंडी वाजत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. झोप मात्र लागत नाही, कारण तासातासाला थर्मामीटर बघायचा असतो.

सकाळी आजी रजई उलटीपालटी करून बघतात. एका शिवणीतून पिसाचं टोक डोकावतं. त्या चिमटीत धरतात.

‘आजी, ओढू नका! मागून आत खेचायचं असतं, नाहीतर भोक पडतं.’

आजींनी तोवर ओढलेलं असतं. मागोमाग दुसरंही येतं.

‘किती बदकं लागली रं ह्याला?’

ग्रॅम, लिटर, अंश सगळं तोंडपाठ असलेला माणूस गप्प होतो. मग मोबाइल काढतो, हिशेब करायला.

‘आन् शिवायला बाया किती व्हत्या?’

‘एकट्यानं शिवली.’

‘एकट्यानं? मंग गप्पा कुणाशी मारल्या?’

‘मशीनशी,’ तो म्हणतो. ते खोटं नसतं. बॉबिनचा दोरा गुंतल्यावर तो मशीनशी काय काय बोलला, ते शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोने आणि सासऱ्यांनी ऐकलेलं असतं.